होकार रुग्णाचाच हवा
स्किझोफ्रेनियाच्या औषधचाचण्या: एक आढावा

कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. जगात साधारण दर तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा ढोबळ हिशेब लावला, तर गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत आणि शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत बारा-तेरा हजार माणसं या आजारासोबत दिवस काढत असणार. कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणं, बोलणं-मिसळणं तुटत जाणं, कामावरून मन उडणं ही त्याची ओळखीची लक्षणं. आजार बहुधा तरुणपणीच सुरू होतो. शिक्षण, नोकरी आणि लग्न ठरण्याच्या ऐन वयात. घरचे आधी देवऋष्याकडे जातात, अंगारे-धुपारे होतात, मग कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाचा पत्ता देतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की अशा तीव्र मानसिक आजारांच्या चारपैकी तीन रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

अशा घराला एखाद्या दिवशी दवाखान्यात विचारलं जातं, ‘नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे. भाग घेणार का?’ या एका प्रश्नाच्या पोटात अनेक प्रश्न असतात. औषध फुकट मिळेल, पण लागू पडेल का? आपल्या माणसावर प्रयोग होणार का? चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का? आणि ज्याच्या मनावरच आजाराने ताबा मिळवला आहे, त्याच्या वतीने हो म्हणायचं कुणी?

या प्रश्नांचा आढावा घेताना जे मत बनलं, ते आधीच मांडून ठेवणं बरं. ट्रायल ही वाईट गोष्ट नाही. तिच्यावाचून एकही औषध रुग्णापर्यंत येत नाही. पण स्किझोफ्रेनियाच्या ट्रायलमध्ये रुग्णाचा होकार एका सहीने कायमचा मिळत नसतो. तो प्रत्येक भेटीत नव्याने मिळवावा लागतो, आणि घरच्यांची हतबलता त्याची जागा घेऊ शकत नाही.

गोळी आली कुठून

कोल्हापुरातल्या कुठल्याही औषधदुकानात चिठ्ठी दाखवली की रिस्पेरिडोन, ओलान्झापिन मिळतं. या गोळ्या कुणीतरी, कधीतरी चाचणीत पहिल्यांदा घेतलेल्या आहेत. या इतिहासात भारताचाही मोठा वाटा आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर चालते, ही माहिती आपल्याकडे जुनीच. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून तिच्यावर शास्त्रीय लेख लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन मनोरुग्णांना देऊन १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी १९५२ मध्ये पॅरिसला ज्याँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमझिनचा गुण दाखवून दिला होता. पुढे रेसर्पिन मागे पडलं, क्लोरप्रोमझिन टिकलं, आणि साखळदंडांच्या वॉर्डांचं युग ओसरायला लागलं. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं ठेवलेल्या त्या पहिल्या रुग्णांना आजच्यासारखं बसवून कुणी समजावून सांगत नव्हतं. रुग्णाची संमती हा संशोधनाचा पाया आहे, असं जगभरच्या डॉक्टरांनी हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात एकत्र मान्य केलं ते १९६४ साली.

ट्रायल किती मोलाची असते, ते क्लोझापिनच्या गोष्टीतून कळतं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, मृत्यू झाले आणि औषध बाजूला पडलं. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर ते पुन्हा तपासलं. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्णांना उतार पडला; क्लोरप्रोमझिनच्या गटात हा आकडा ४ टक्के होता. पेशींची नियमित तपासणी करायची या अटीवर औषध परत आलं. आज सगळी औषधं थकल्यावर जे औषध दिलं जातं, ते या २६८ माणसांमुळे.

कोण कुठला प्रश्न विचारतो, यावर ट्रायलचं उत्तर अवलंबून असतं. कंपनीला बहुधा एवढंच सिद्ध करायचं असतं, की आपलं औषध काहीच न देण्यापेक्षा बरं आहे. अमेरिकन सरकारच्या पैशाने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ अभ्यासाने वेगळा प्रश्न विचारला: रोजच्या व्यवहारात कुठलं औषध रुग्ण टिकून घेत राहतात? १,४९३ रुग्णांचा अठरा महिने पाठपुरावा झाला. ७४ टक्के रुग्णांनी दिलेलं औषध मुदतीआधीच सोडलं किंवा बदललं. शिवाय जुनं, स्वस्त पर्फेनाझिन बहुतेक नव्या महागड्या औषधांच्या तोडीस तोड ठरलं. खिशातून पैसे मोजून महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्या घरासाठी ही मोलाची माहिती आहे, आणि ती मिळवण्यात कुठल्याही कंपनीचा फायदा नव्हता.

सत्तर वर्षं ही सगळी औषधं प्रामुख्याने मेंदूतल्या डोपामिनवर काम करत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोडगोळीला मान्यता दिली. ती वेगळ्या वाटेने काम करते. तिच्या एका निर्णायक चाचणीत २५२ रुग्ण होते आणि मुदत होती पाच आठवडे. लक्षणांचे गुण औषधाच्या गटात २१.२ ने उतरले, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, गटात ११.६ ने. त्याच सुमारास ज्यांच्याकडून मोठी आशा होती अशी दोन औषधं कोसळली: उलोटारॉन्ट २०२३ मध्ये, एम्राक्लिडिन नोव्हेंबर २०२४ मध्ये. दोन्ही प्लासिबोपेक्षा सरस ठरू शकली नाहीत. म्हणजे ‘नवं’ याचा अर्थ ‘चांगलं’ असा आधीच धरून चालता येत नाही. ते माहीत नसतं, म्हणूनच तर ट्रायल घेतात.

आत गेल्यावर काय होतं

सुरुवात छाननीने होते. रक्त, लघवी, ईसीजी, स्त्रियांसाठी गर्भचाचणी. अनियंत्रित मधुमेह असलेले, दारू किंवा गांजाचं व्यसन असलेले, अलीकडे आत्महत्येचा प्रयत्न केलेले रुग्ण बहुधा इथेच गळतात. त्यामुळे ट्रायलमधला रुग्ण आणि ओपीडीच्या बाकावरचा रुग्ण यांत फरक पडतो, आणि निकाल वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो. पुढे कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टर ठरवत नाहीत. ती शुद्ध नाणेफेक असते. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही.

मोजमाप होतं ते मुलाखतीतून. पॅन्स नावाची पट्टी १९८७ पासून जगभर वापरात आहे. तिच्यात तीस बाबी, प्रत्येकीला एक ते सात गुण. सगळ्यात कमी बेरीज ३० आणि सगळ्यात जास्त २१०. प्रशिक्षित माणूस समोर बसतो आणि पाऊण-एक तास विचारत राहतो. गेल्या आठवड्यात आवाज ऐकू आले का? एकटे असतानाच येतात की चारचौघांतही? एकच आवाज आहे की अनेक? ते काय सांगतात? सांगतील तसं करावंसं वाटतं का? टीव्हीवरचा माणूस तुमच्याबद्दलच बोलतोय असं वाटलं का? मग हाच सगळा पाढा पुढच्या भेटीला, आणि त्याच्या पुढच्या. घरच्यांनाही वेगळं विचारलं जातं: रात्री झोपला का, आंघोळ स्वतःहून केली का, जेवणात कुणी काही कालवलंय असा संशय घेतला का.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी मोजकी मिनिटं मिळतात. इथे कुणीतरी निवांत, न घाबरता, न हसता ऐकून घेतं. त्यानेही माणसाला बरं वाटतं, आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटातही गुण उतरतात त्यामागचं हे एक कारण आहे. हा ट्रायलचा दोष समजण्याचं कारण नाही. आपल्या रोजच्या उपचारांत नेमकं काय कमी पडतंय, ते यातून कळतं.

भारतात आणखी एका प्रकारच्या चाचण्या पुष्कळ होतात. पेटंट संपलेल्या औषधाची आपल्या कंपनीने केलेली गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच उतरते का, हे त्यात पाहतात. एरवी हे निरोगी स्वयंसेवकांवर तपासतात. पण क्लोझापिनसारखं जोखमीचं औषध किंवा महिनाभर टिकणारं इंजेक्शन निरोगी माणसाला देणं योग्य नसतं, म्हणून ते औषध आधीपासून घेणारे स्थिर रुग्ण घेतात. त्यांना यातून नवा उपचार मिळत नाही. वारंवार रक्त द्यावं लागतं, काही दिवस दवाखान्यात राहावं लागतं. हे काम समाजाच्या उपयोगाचं आहे, कारण स्वस्त गोळी त्यातूनच येते. पण ‘यात तुमचा उपचार नाही, तुमची मदत हवी आहे’ हे रुग्णाला तोंडावर सांगितलं गेलं पाहिजे.

प्लासिबोचा पेच

सगळ्यात अवघड जागा ही. गोळी दिसायला तीच, आत औषध नाही. डोकेदुखीच्या चाचणीत हे चालून जाईल. स्किझोफ्रेनियात औषध बंद करणं म्हणजे आजाराला दार उघडून देणं ठरू शकतं. २०१२ मध्ये स्टीफन लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी प्लासिबो मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. आजार उलटणं म्हणजे नोकरी जाणं, घरात तोडफोड, पुन्हा भरती, आणि कधीकधी जीव. या आजारात सुमारे पाच टक्के माणसं आत्महत्येने जातात.

प्लासिबोच्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. मुलाखतीने मोजायच्या आजारात नुसत्या आशेने आणि लक्ष दिल्याने गुण उतरतात. तुलनेला प्लासिबो नसेल तर निकामी औषधही गुणकारी ठरेल आणि मग हजारोंना ते फुकट सोसावं लागेल. उलोटारॉन्टची परीक्षा प्लासिबोमुळेच झाली. म्हणून प्रश्न प्लासिबो असावा की नसावा एवढ्यावर सुटत नाही. किती दिवस, भरती ठेवून की घरी, बिघडायला लागल्यावर किती लवकर बाहेर काढणार, आणि तोवर कुठलं औषध हाताशी असणार, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे हा वाद जाहीरपणे झाला आहे. २००५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री’त भारतातल्या केंद्रांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र उन्मादाचे २९० रुग्ण, तीन आठवडे, एका गटाला रिस्पेरिडोन आणि दुसऱ्याला प्लासिबो. आजार स्किझोफ्रेनिया नव्हता, पण पेच तोच होता. इतके गंभीर रुग्ण, उन्मादावर लिथियमसारखी सिद्ध औषधं उपलब्ध असताना, तीन आठवडे औषधावाचून ठेवणं योग्य होतं का? श्रीमंत देशांत असे रुग्ण प्लासिबोसाठी मिळाले असते का? आणि इतक्या तीव्र अवस्थेत त्यांनी संमती कशी दिली? डॉ. विक्रम पटेल, डॉ. अमर जेसानी आणि इतरांनी हे प्रश्न त्या नियतकालिकात आणि मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये उभे केले. प्रश्न इथल्या डॉक्टरांनीही विचारले, ही त्यातली जमेची बाजू.

कळलं का, ते कसं कळणार

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला काहीच कळत नाही, हा समज चुकीचा आहे. २००० साली विल्यम कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे तपासलं. संशोधनाची माहिती पहिल्यांदा सांगितल्यावर रुग्ण निरोगी लोकांच्या मागे पडले. मग ज्यांना कमी समजलं होतं त्यांना आठवडाभर पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या पद्धतीने समजावलं, आणि फरक मिटला. म्हणजे अडचण समजण्याच्या ताकदीत जितकी असते तितकीच, किंवा जास्तच, सांगणाऱ्याच्या घाईत असते.

संमतीची बैठक कशी व्हायला हवी, त्याचा एक नमुना पाहू. माहितीपत्रक वाचून झालं आहे. डॉक्टर विचारतात, ‘आता तुम्ही मला सांगा, तुम्हाला कुठली गोळी मिळणार?’

‘नवीन आलीय ती.’

‘नक्की?’

‘व्हय, तुम्हीच म्हणालासा की.’

इथे सही घेतली, तर ती गैरसमजावर घेतलेली सही ठरेल. डॉक्टरांनी पुन्हा सांगायला हवं: कदाचित नवी, कदाचित जुनी, कदाचित औषध नसलेली, ते मी ठरवत नाही, मला कळणारही नाही. मग पुन्हा विचारायला हवं. मग: ‘मधेच नको वाटलं तर काय करणार?’ ‘तुम्हाला विचारून बंद करीन.’ ‘मला विचारायला नको. तुम्ही नुसतं सांगायचं. तुमचे नेहमीचे उपचार मी तरीही करणार.’ हे शेवटचं वाक्य रुग्णाला पटेपर्यंत सही पुढे ढकलली पाहिजे. आपल्याकडे डॉक्टरसाहेबांना नाही म्हणायची सवय नाही. म्हणून नाही म्हणायची वाट डॉक्टरांनीच मोकळी करून द्यायची असते.

कायदा काय सांगतो

कागदावर भारताचे नियम आज बऱ्यापैकी मजबूत आहेत. ते आपोआप आले नाहीत. चाचण्यांमधल्या मृत्यूंचा आणि हलगर्जीचा प्रश्न इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि २०१३ पासून नुकसानभरपाई व देखरेखीचे नियम कडक होत गेले. त्यांची एकत्र घडी बसली ती मार्च २०१९ च्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमां’त. चाचणी तपासून मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण हवेत; निम्मे त्या संस्थेबाहेरचे; त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा, एक स्त्री. रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल, तर संमतीच्या पूर्ण बैठकीला तटस्थ साक्षीदार हजर हवा. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल स्थितीतल्या सहभागींच्या संमतीचं चित्रीकरण व्हायला हवं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. सिद्ध उपचार उपलब्ध असताना प्लासिबोमुळे ते मिळाले नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर तीही भरपाईला पात्र धरली आहे.

मानसिक रुग्णांसाठी यावर आणखी एक कवच आहे: २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याच्या जडणघडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतले डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. हा कायदा गृहीत धरतो की मानसिक आजार असलेला माणूसही निर्णय घेऊ शकतो. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, म्हणून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. कलम ९९ नुसार संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची, मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लागते. तो संमती देऊ शकत नसेल पण विरोधही करत नसेल, तर थेट नातेवाइकाची सही घेऊन भागत नाही. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. संमती देऊ शकणाऱ्यांवर हे संशोधन होऊच शकत नाही, आणि ते अशाच रुग्णांच्या गरजेचं आहे, हे आधी दाखवावं लागतं. मगच नामनिर्देशित प्रतिनिधी संमती देतो. आणि रुग्णाने विरोध केला तर विषय संपतो. कलम १०० प्रमाणे दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते.

घरच्यांची जागा

‘साहेब, काय ते करा, पण पोरगं बरं करा.’ हे वाक्य मानसोपचाराच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. कोल्हापूरच्या घराला सीपीआर रुग्णालय, खासगी डॉक्टर, मिरज, अंबा घाट उतरून रत्नागिरीचं मनोरुग्णालय, पुणे असा प्रवास नवा नसतो. शेताचा तुकडा, दागिने, भावाची नोकरी या प्रवासात खर्ची पडलेली असते. अशा आईला मोफत तपासण्या, मोफत औषध, ओळखीचे डॉक्टर आणि निवांत मुलाखत देऊ केली, तर ती नाही कशाला म्हणेल? तिची तळमळ खरी आहे. पण गोळी तिला घ्यायची नाही, रक्त तिचं जाणार नाही. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला असताना आईने दिलेला होकार हा त्याचा होकार होत नाही.

याचा अर्थ घरच्यांना बाजूला ठेवायचं असा मुळीच नाही. उलट, त्यांचं ऐकलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या घटनेने दाखवलं. २००३ च्या अखेरीस एका तरुणाला तीव्र अवस्थेत भरती केलं. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार पाळण्याच्या अटीवर न्यायालयाने त्याची सक्तीची भरती टाळली, आणि उपचार करणारे डॉक्टरच एका औषधकंपनीच्या चाचणीचे प्रमुख होते. तिथेच त्याने सही केली. मुलगा बिघडतोय, त्याला बाहेर काढा, असं आई महिनोन्‌महिने सांगत राहिली. मे २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये विद्यापीठावर कडक ताशेरे ओढले आणि मानसोपचाराच्या औषधचाचण्यांतली नवी भरती थांबवावी लागली. चाचणीतली तिन्ही औषधं आधीपासून बाजारात होती. औषधापेक्षा माणसाची अवस्था आणि त्याचा नाइलाज जास्त धोकादायक ठरला.

घरच्यांची खरी जागा इथे दिसते. होकार रुग्णाचा, पण ‘आता थांबवा’ हा शब्द घरच्यांच्याही तोंडून ऐकला गेला पाहिजे. दिवसरात्र सोबत राहणाऱ्या माणसाला झोप उडाल्याचं, जेवण टाळल्याचं, नजर बदलल्याचं पट्टीच्या आधी कळतं. महाराष्ट्रात या घरच्यांना बोलतं करायचं काम डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने केलं. पत्नीचा आजार जवळून पाहिलेला, कॅनडात प्राध्यापकी करणारा हा माणूस. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटालाही त्यांचा आधार होता. अशा संस्थांमधली अनुभवी माणसं एथिक्स कमिट्यांच्या बैठकीला बोलावली गेली पाहिजेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याला वाव देतात.

साताऱ्याने काय शिकवलं

आपल्या भागातला सगळ्यात बोलका अभ्यास नव्या गोळीचा नव्हताच. तो झाला कोल्हापूरहून महामार्गाने दोन-अडीच तासांवर असलेल्या साताऱ्यात, तसंच गोव्यात आणि तमिळनाडूत. ‘कोप्सी’ या नावाचा हा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, लेखकांत डॉ. सुदीप्तो चॅटर्जी, डॉ. विक्रम पटेल आणि साताऱ्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर होते. स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसं यात सहभागी झाली. सगळ्यांना नेहमीचे औषधोपचार मिळत राहिले. प्लासिबो कुणालाच नाही. १८७ जणांकडे त्याशिवाय प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात: औषधं नियमित घेतली जातात का, शरीराची तपासणी झाली का, कामाला कसं लावता येईल, शेजारपाजारच्या टोमण्यांना कसं तोंड द्यायचं, हे बोलायला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, गावातलेच शिकलेसवरलेले लोक होते.

वर्षभराने कार्यकर्त्यांच्या गटात रोजच्या जगण्यातली अडचण थोडी पण निश्चित कमी झाली. लक्षणांतला फरक मात्र ठामपणे सांगता येईल इतका पक्का नव्हता. सगळ्यात जास्त फायदा तमिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला, जिथे आधीची सेवा सगळ्यात तुटपुंजी होती. निकाल डोळे दिपवणारा नाही, आणि संशोधकांनी तो फुगवलाही नाही. पण प्रश्न आपल्या मातीतला होता. भुदरगडच्या किंवा आजऱ्याच्या घराला नवा रेणू दहा वर्षांनी मिळेल. घरी येऊन बोलणारा माणूस उद्या मिळू शकतो. त्याचा उपयोग किती, हे मोजता यावं म्हणून याच लोकांनी सहभाग घेतला. ट्रायल म्हणजे फक्त कंपनीची गोळी नव्हे, हे साताऱ्याने दाखवून दिलं.

सही करण्याआधी

भारतात होणारी प्रत्येक औषधचाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’त सहभागी घेण्यापूर्वीच नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे. ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि मोबाइलवर शोधा: पैसा कुणाचा, केंद्रं कुठली, मुदत किती, प्लासिबो आहे का, सगळं तिथे असतं. क्रमांक सांगता येत नसेल, तर पुढे जाऊ नका.

मग समोर बसून विचारा. चालू गोळ्या बंद होणार का, किती दिवस? रात्री दोन वाजता बिघडलं तर फोन कुणाला करायचा, आणि तो नक्की उचलला जाईल का? ट्रायल संपल्यावर औषध लागू पडलेलं असेल तर पुढे ते मिळणार का? कायद्यात काही अटींवर तशी तरतूद आहे. या ट्रायलमध्ये ती आहे का? गाडीभाडं आणि बुडालेला रोज मिळणार का? तो मागण्यात लाज नाही, तसा नियम आहे. आमचे नेहमीचे डॉक्टरच ट्रायलचे प्रमुख असतील, तर सल्ला घ्यायला दुसरे कोण? माहितीपत्रकाची प्रत घरी न्या, दोन-चार दिवस घ्या, ट्रायलशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मन अस्वस्थ असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणि सगळ्यांत शेवटी रुग्णाला एकट्याला विचारा. घरच्यांना बाहेर बसवून, डॉक्टरांनाही बाहेर बसवून, त्याचा विश्वास असलेल्या एका माणसाने. त्याने नाही म्हटलं, तर ते ऐकून घ्या. त्याने हो म्हटलं, तर पुढच्या भेटीला पुन्हा विचारा.

कोल्हापूर आणि आसपासच्या भागात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ आहेत; चाचण्या इथे येत राहतील आणि त्या याव्यात. इथली माणसं, इथलं जेवण, इथली साखर-रक्तदाबाची शरीरं यांच्यावर औषध कसं चालतं, हे बाहेरच्या आकड्यांवरून कळणार नाही. पण येणाऱ्या प्रत्येक ट्रायलकडून या जिल्ह्याने तीन गोष्टी हक्काने मागाव्यात: एथिक्स कमिटीच्या टेबलाशी रुग्णांच्या वतीने बोलणारं माणूस, संमतीसाठी एका बैठकीऐवजी पुरेसा वेळ, आणि ट्रायल संपल्यावर, औषध जिंको वा हरो, सहभागी झालेल्यांना मराठीत सांगितलेला निकाल. ज्यांनी आपलं मन आणि शरीर विश्वासाने पुढे केलं, त्यांना त्यातून काय निघालं हे कळणं हा त्यांचा अधिकार आहे. तो पाळला गेला, तर पुढच्या वेळी विचारल्यावर येणारा होकार हतबलतेतून आलेला नसेल. तो विचार करून दिलेला असेल.